फासे आणि गंगाजळी : कूटचलनाधिष्ठित द्यूतगृहांच्या इतिहासाचा एक विचार

१

द्यूतगृह चालविणाऱ्यास आपल्या गिऱ्हाइकाची दोन बाबतींत खात्री पटवावी लागते. फासे खोटे नाहीत, ही पहिली. आणि गिऱ्हाईक जिंकले तर त्याची रक्कम चुकती होईल, ही दुसरी. पहिली खात्री फाशांविषयीची, तर दुसरी गंगाजळीविषयीची आहे. द्यूताच्या इतिहासाची चर्चा करताना आपले लक्ष बहुधा पहिलीकडेच वेधले जाते. सभापर्वातील द्यूताचा प्रसंग आठवला की शकुनीचे फासे प्रथम डोळ्यांपुढे उभे राहतात, हे आपल्या कल्पनेच्या ह्याच वळणाचे द्योतक होय. परंतु व्यवहारात द्यूतगृहे बुडाली, मालक परागंदा झाले आणि गिऱ्हाइके नागवली गेली, ती पुष्कळदा फाशांतील कपटामुळे नव्हे, तर गंगाजळी रिकामी असल्यामुळे.

बिटकॉइन व तत्सम कूटचलनांवर चालणारी ऑनलाइन द्यूतगृहे २०१२ पासून विशेष पुढे आली. गूढलिपिशास्त्राच्या साहाय्याने फाशांच्या सचोटीचा पुरावा आपण खेळाडूच्या हाती देतो, असा ह्या द्यूतगृहांचा दावा आहे, आणि तो पुष्कळ अंशी खरा आहे. प्रस्तुत निबंधात असे दाखविण्याचा प्रयत्न केला आहे की, फाशांचा प्रश्न सुटत असतानाच गंगाजळीचा प्रश्न पडद्याआड गेला. आणि धंदा जसजसा वाढला तसतसा त्याचा पुरावाही इतिहास-संशोधकाच्या दृष्टीआड होत गेला. ह्या दोन घटनांचे कारण एकच आहे. ते समजण्यासाठी आधी थोडी पूर्वपीठिका पाहणे आवश्यक आहे.

२

फाशांची खात्री कोणी द्यावयाची, ह्या प्रश्नाला भारतीय परंपरेत मिळालेले एक जुने उत्तर कौटिलीय अर्थशास्त्राच्या तिसऱ्या अधिकरणात आढळते. तेथे द्यूताध्यक्षाने द्यूत एका ठिकाणी चालवावे, अन्यत्र खेळणारास बारा पण दंड करावा, फासे अध्यक्षाने पुरवावे, त्यांची अदलाबदल करणारास दंड करावा आणि जिंकलेल्या रकमेतून शेकडा पाच घ्यावे, अशी व्यवस्था सांगितली आहे. ह्या व्यवस्थेत फाशांची हमी राजसत्तेची आहे, आणि त्या हमीचे मोल म्हणून राजसत्ता आपला भाग घेते. आधुनिक काळातील परवानाधारक कॅसिनो हे ह्याच विचाराचे वंशज होत. गोव्यात १९७६ च्या जुगारविषयक अधिनियमात १९९२ साली दुरुस्ती करून पंचतारांकित हॉटेलांत नाणेयंत्रांना आणि पुढे १९९६ साली जहाजांवरील खेळांना परवानगीची वाट करून देण्यात आली, ती ह्याच धर्तीवर. महाराष्ट्रात मात्र १९७६ चा कॅसिनो-नियंत्रण व कर अधिनियम संमत होऊनही कधी अंमलात आला नाही, आणि २०२३ साली तो रद्द करण्यात आला.

दुसरे उत्तर मुंबईच्या बाजारपेठेने दिले. राजसत्तेची हमी नसेल, किंबहुना राजसत्ताच द्यूताच्या विरुद्ध असेल, तर ज्यावर द्यूतगृहाच्या मालकाची सत्ता चालत नाही अशा एखाद्या बाहेरच्या घटनेवर निकाल सोपवावयाचा. एकोणिसाव्या शतकात मुंबईत पावसावर पैजा लागत. पाऊस मालकाच्या हातचा नाही, हीच त्यातील सचोटी. १८८७ च्या मुंबई जुगार प्रतिबंधक अधिनियमाची रचना जुगाराचा अड्डा आणि जुगाराची साधने ह्यांभोवती झालेली असल्यामुळे पावसाची पैज त्यात नीट बसेना, आणि १८९० साली दुरुस्ती करून ती कायद्याच्या कक्षेत आणावी लागली. विसाव्या शतकात न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातून मुंबईस येणाऱ्या उघडत्या व मिटत्या भावांच्या आकड्यांवर पैजा लागू लागल्या. न्यूयॉर्कचा भाव मुंबईतला कोणीही सटोडिया फिरवू शकत नाही, अशी लोकांची समजूत होती. १९६० नंतरच्या दशकाच्या आरंभी हे साधन नाहीसे झाले. तेव्हा चिठ्ठ्या व पत्ते काढून आकडा ठरविण्याची पद्धत आली, आणि कल्याणजी भगत व रतन खत्री ह्यांच्या नावांशी निगडित असलेला ‘मटका’ उदयास आला. आकडा आता बाहेरून येईना. तो माणसाच्या हातून निघू लागला, आणि म्हणून सगळा भरवसा त्या माणसाच्या नावावर येऊन ठेपला. गिरणगावातील कामगार ज्याच्यापाशी आकडा लावी तो मनुष्य दुसऱ्या दिवशी त्याच नाक्यावर सापडेल काय, हाच त्याच्या दृष्टीने गंगाजळीचा प्रश्न होता.

ह्या दोन्ही उत्तरांत फाशांची सोय लावलेली आहे; चुकतीची मात्र एकात राजसत्तेच्या धाकावर आणि दुसऱ्यात माणसाच्या पतीवर सोडलेली आहे. ही गोष्ट पुढील विवेचनात ध्यानात ठेवावी.

३

द्यूतगृह भिंतींतून बाहेर पडून तारांवर आले, ते १९९० नंतरच्या दशकात, आणि त्याला आश्रय मिळाला तो कॅरिबियन समुद्रातील छोट्या बेटांवर. नेदरलँड्सच्या राज्यातील कुरासाव बेटावर १९९३ साली बाहेरदेशीच्या गिऱ्हाइकांसाठी दूरसंचारमार्गे चालणाऱ्या खेळांचा अध्यादेश निघाला. अँटिग्वा व बार्बुडा येथे १९९४ साली मुक्त व्यापार क्षेत्राचा कायदा झाला आणि त्याखाली ऑनलाइन द्यूताचे परवाने मिळू लागले. १९९६ च्या सुमारास खऱ्या पैशांचे डाव आंतरजालावर सुरू झाले. अशा छोट्या प्रदेशांना परवान्याचे शुल्क हे नवे उत्पन्न होते. अमेरिकेने ह्या व्यवसायाची वाट अडविली तेव्हा अँटिग्वाने २००३ साली जागतिक व्यापार संघटनेकडे तक्रार नेली, आणि २००७ साली दरवर्षी २ कोटी १० लाख डॉलरांपर्यंतच्या प्रतिकाराची मुभा मिळविली.

तथापि अमेरिकेने खरा घाव घातला तो द्यूतगृहावर नव्हे, तर त्याच्याकडे जाणाऱ्या पैशाच्या वाटेवर. ऑक्टोबर २००६ मध्ये संमत झालेल्या कायद्याने बेकायदा ऑनलाइन द्यूताशी संबंधित रकमा स्वीकारण्यास बंदी घातली आणि बँकांवर व देयक-संस्थांवर तशा रकमा अडविण्याची जबाबदारी टाकली. द्यूतगृह बेटावर सुरक्षित होते. गिऱ्हाइकाचे क्रेडिट कार्ड मात्र अमेरिकेच्या हातात होते. १५ एप्रिल २०११ रोजी तीन मोठ्या पोकर-कंपन्यांच्या चालकांवर अमेरिकेत आरोप ठेवण्यात आले आणि त्यांची संकेतस्थळे ताब्यात घेण्यात आली.

ह्या कारवाईच्या मागोमाग जे उघडकीस आले ते आपल्या विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे आहे. अमेरिकेच्या न्याय खात्याने सप्टेंबर २०११ मध्ये न्यायालयापुढे मांडलेल्या आरोपानुसार, फुल टिल्ट पोकर ही कंपनी ३१ मार्च २०११ रोजी जगभरच्या खेळाडूंना सुमारे ३९ कोटी डॉलर देणे लागत होती, आणि तिच्या बँकखात्यांत सुमारे ६ कोटी डॉलर होते. तेथे पत्ते लावून ठेवले होते असे कोणी म्हटले नाही. डाव सचोटीचे होते. रिकामी होती ती गंगाजळी.

बँकांनी वाट अडविल्यावर बँकेवाचून पैसा पाठविण्याच्या साधनाची गरज भासणे स्वाभाविक होते; आणि ते साधन तोवर अस्तित्वात आलेले होते. सातोशी नाकामोतो ह्या टोपणनावाने ऑक्टोबर २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या टिपणातून बिटकॉइनची कल्पना मांडली गेली, आणि ३ जानेवारी २००९ रोजी त्याच्या सार्वजनिक खतावणीचे पहिले पान लिहिले गेले. ह्या खतावणीला ब्लॉकचेन म्हणतात. तिच्यातील प्रत्येक नोंद सर्वांना दिसते, आणि केलेली नोंद मागाहून खोडणे व्यवहारतः अशक्यप्राय असते.

४

एप्रिल २०१२ मध्ये एरिक व्हूर्हीस ह्यांनी ‘सातोशीडाइस’ नावाचे द्यूतगृह सुरू केले. त्याची रचना इतकी साधी होती की, त्याला द्यूतगृह म्हणावे की नाही असा प्रश्न पडावा. तेथे खाते उघडावे लागत नसे, नाव सांगावे लागत नसे, अनामत ठेवावी लागत नसे. द्यूतगृहाने बिटकॉइनचे काही पत्ते जाहीर केलेले होते, आणि प्रत्येक पत्त्याला जिंकण्याची शक्यता व मिळणारी पट ठरवून दिलेली होती. खेळाडूने आपल्या इच्छेच्या पत्त्यावर रक्कम पाठवावयाची. त्यावरून ० ते ६५,५३५ ह्यांमधील एक आकडा निघे. तो ठरलेल्या मर्यादेखाली असला की जिंकलेली रक्कम लगोलग खेळाडूच्या पत्त्यावर परत येई.

हा आकडा काढण्याची रीत मुद्दाम समजावून घेण्यासारखी आहे. हॅश म्हणजे कोणत्याही मजकुरावर एक ठरावीक गणिती क्रिया करून काढलेली ठरावीक लांबीची खूण. मजकुरावरून खूण काढणे क्षणाचे काम. खुणेवरून मजकूर शोधणे मात्र व्यवहारतः अशक्य. आणि मजकुरात एक अक्षर बदलले तरी खूण सर्वस्वी पालटते. द्यूतगृह प्रत्येक दिवसासाठी एक गुप्त शब्दसमूह आधीच तयार करून त्याची हॅश-खूण जाहीर करी. लाखेची मोहोर केलेला लखोटा सर्वांसमक्ष टेबलावर ठेवावा, तसाच हा प्रकार होता. खेळाडूच्या व्यवहाराचा क्रमांक आणि त्या दिवसाचा गुप्त शब्दसमूह ह्यांच्या संयोगातून निकाल निघे. दिवस संपल्यावर गुप्त शब्दसमूह प्रकट केला जाई, आणि मग कोणासही लखोट्यावरील मोहोर व आतील मजकूर ताडून पाहता येई. मालकाने मजकूर मागाहून बदलला असता तर खूण जुळली नसती. ‘सिद्ध करता येण्याजोगी सचोटी’ ह्या आशयाचे जे बिरुद अशी द्यूतगृहे मिरवितात, त्याचा अर्थ हा आहे.

पावसाची पैज आणि न्यूयॉर्कचा कापूसभाव ह्यांचेच हे तिसरे रूप होय. तेथे निकाल बाहेरून येई म्हणून तो निर्मळ मानला जाई. येथे निकालाचा अर्धा भाग आधीच मोहोरबंद झालेला आणि उरलेला अर्धा खेळाडूच्या व्यवहारातून आलेला, म्हणून तो निर्मळ. परंतु सातोशीडाइसचे वैशिष्ट्य एवढ्यावर संपत नाही. तेथे खेळाडूचा पैसा द्यूतगृहाजवळ राहत असे तो निमिषमात्र. डाव लागला, निकाल निघाला, रक्कम परत गेली किंवा बुडाली. मागे देणे उरत नसे. गंगाजळीचा प्रश्न सुटला नव्हता, तरी तो एका डावापुरता आखूड झाला होता. शिवाय प्रत्येक पण व प्रत्येक चुकती सार्वजनिक खतावणीत उमटत असल्याने, द्यूतगृहाने एखादी चुकती टाळली असती तर ते जगाला दिसले असते.

ह्या साधेपणाची किंमत इतरांना मोजावी लागली. २०१२ साली बिटकॉइनच्या एकूण व्यवहारांपैकी फार मोठा वाटा एकट्या सातोशीडाइसचा होता. हरणाऱ्यालाही निकाल कळविण्यासाठी अत्यल्प रक्कम परत पाठविली जाई, त्यामुळे खतावणी क्षुल्लक नोंदींनी भरू लागली. द्यूतगृह सार्वजनिक खतावणीचा कचरापेटीसारखा वापर करीत आहे, असा आक्षेप निघाला, आणि मे २०१३ मध्ये बिटकॉइनच्या मुख्य संगणक-प्रणालीत अतिक्षुद्र रकमांचे व्यवहार पुढे न पाठविण्याचा नियम घालण्यात आला. ह्याच महिन्यात सातोशीडाइसने अमेरिकेतील खेळाडूंना दार बंद केले. जुलै २०१३ मध्ये हे द्यूतगृह १,२६,३१५ बिटकॉइनांना विकले गेल्याचे जाहीर झाले. त्या वेळच्या भावाने ही किंमत १ कोटी डॉलरांहून अधिक होती.

अमेरिकेच्या रोखे व विनिमय आयोगाची दृष्टी ह्या द्यूतगृहाकडे वळली ती मात्र द्यूतासाठी नव्हे. व्हूर्हीस ह्यांनी ऑगस्ट २०१२ ते फेब्रुवारी २०१३ ह्या काळात सातोशीडाइसचे १ कोटी ३० लाख भाग विकून ५०,६०० बिटकॉइन उभे केले होते, आणि ह्या भागविक्रीची नोंदणी केलेली नव्हती. जून २०१४ मध्ये झालेल्या तडजोडीत त्यांनी १५,८४३.९८ डॉलर नफा परत देण्याचे आणि ३५,००० डॉलर दंड भरण्याचे मान्य केले. गंगाजळी लोकांच्या पैशांतून उभारली की ती रोखे-कायद्याच्या कक्षेत येते, हा ह्या प्रकरणाचा धडा होय.

५

आता गंगाजळीचे गणित थोडक्यात पाहू. कारण द्यूतगृहाचा मालक नेहमीच जिंकतो ही सामान्य समजूत अर्धवट खरी आहे. समजा, एका खेळात खेळाडूची जिंकण्याची शक्यता शेकडा ४९.५ आहे आणि जिंकल्यास दुप्पट रक्कम मिळते. ह्यात द्यूतगृहाचा ठरीव लाभ शेकडा १ होतो. एकेक रुपयाचे १०,००० डाव झाले, तर द्यूतगृहाला सरासरीने १०० रुपये लाभ अपेक्षित आहे. परंतु ह्या सरासरीभोवतालचे प्रमाण-विचलनही सुमारे १०० रुपयेच येते. म्हणजे इतके डाव होऊनही साधारणतः सहांपैकी एका प्रसंगी द्यूतगृह तोट्यात असेल. डावांची संख्या १० लाखांवर गेली, तर अपेक्षित लाभ १०,००० रुपये आणि प्रमाण-विचलन सुमारे १,००० रुपये होते. तोट्याची शक्यता मग नगण्य ठरते.

हे झाले सारखे पण लावले असताना. प्रत्यक्षात एखादा खेळाडू लहान पणांच्या हजारो डावांत एकच प्रचंड पण लावतो, आणि तेवढ्याने सगळा हिशेब पालटतो. बेल प्रयोगशाळेतील जॉन केली ह्यांनी १९५६ साली मांडलेल्या सूत्राचा अर्थ येथे असा होतो की, शेकडा १ लाभाच्या खेळात एका डावात द्यूतगृहाला गमवावी लागणारी रक्कम गंगाजळीच्या सुमारे शेकडा १ पेक्षा अधिक असू नये. २०१३ साली निघालेल्या ‘जस्ट-डाइस’ ह्या द्यूतगृहाने ही गंगाजळीच लोकांना खुली केली. कोणासही तीत रक्कम गुंतवून लाभात व तोट्यात वाटेकरी होता येई. त्यामुळे कमाल पण किती असावा हा प्रश्न तेथे गुंतवणूकदारांच्या जिव्हाळ्याचा झाला.

ह्यावरून एक गोष्ट निष्पन्न होते. मोठे पण स्वीकारण्याची सुरक्षितता फाशांवर अवलंबून नसून गंगाजळीच्या आकारावर अवलंबून आहे. ज्या द्यूतगृहाने तो आकार दडवून ठेवला आहे, त्याच्या फाशांची सचोटी कितीही सिद्ध झाली तरी खेळाडूच्या हाती अर्धाच पुरावा येतो. आणि तो अर्धा पुरावासुद्धा खेळाडूला लाभाचे आश्वासन देत नाही, हेही स्पष्टपणे म्हटले पाहिजे. सचोटीचा फासा म्हणजे खेळाडू ठरल्याप्रमाणेच हरेल, ह्याची हमी होय.

६

२०१३ नंतर निघालेल्या द्यूतगृहांनी सातोशीडाइसची रीत बहुतांशी सोडून दिली. प्रत्येक डावासाठी सार्वजनिक खतावणीत नोंद करणे मंद होते, आणि व्यवहारशुल्क वाढू लागल्यावर महागही झाले. त्याऐवजी खेळाडूने एकदा रक्कम द्यूतगृहाच्या पत्त्यावर भरावयाची, द्यूतगृहाने ती आपल्या खाजगी वहीत त्याच्या नावे जमा करावयाची, आणि पुढचे हजारो डाव त्या खाजगी वहीतच व्हावयाचे, अशी पद्धत रूढ झाली. मोहोरबंद लखोट्याची कल्पना राहिली, किंबहुना सुधारली. द्यूतगृहाचे गुप्त बीज, खेळाडूने स्वतः निवडलेले बीज आणि डावाचा क्रमांक ह्या तिहींच्या संयोगातून निकाल निघू लागला. खेळाडूने मागणी करताच जुने गुप्त बीज प्रकट होऊन त्याच्या जागी नवे मोहोरबंद बीज येई.

परंतु ह्या बदलाचा दुसरा परिणाम फारसा कोणी बोलून दाखविला नाही. खेळाडूचा पैसा आता निमिषमात्र नव्हे, तर दिवसेंदिवस द्यूतगृहापाशी राहू लागला. सातोशीडाइसमध्ये आखूड झालेला गंगाजळीचा प्रश्न पुन्हा पूर्ववत लांब झाला, आणि फुल टिल्टच्या खेळाडूची जी स्थिती होती तीच कूटचलनाच्या खेळाडूची झाली. फरक एवढाच की, पूर्वी बँकेच्या कागदांवरून न्याय खात्याला देणे किती व शिल्लक किती हे सांगता आले. येथे वही खाजगी आणि मालक दूर बेटावर. त्यातच द्यूतगृहांनी बाहेरच्या कंपन्यांनी तयार केलेले नाणेयंत्रांचे खेळ मोठ्या प्रमाणावर घेतले, आणि अशा खेळांना मोहोरबंद लखोट्याची ती कसोटी बहुधा लागू नसते. तपासणीची सोय असणे आणि तपासणी होणे ह्याही भिन्न गोष्टी आहेत.

द्यूतगृहाचा मालकच नको, त्याची जागा संगणक-करारालाच द्यावी, असाही एक प्रयत्न झाला. २०१५ साली सुरू झालेल्या इथेरियमवर आपोआप अंमलात येणारे करार लिहिता येतात, आणि त्यांत गंगाजळी सर्वांना दिसते. २०१८ सालचा ‘फोमोथ्रीडी’ हा खेळ अशाच कराराचा होता. ठरलेला अवधी संपण्यापूर्वी ज्याची शेवटची खरेदी नोंदली जाईल तो जिंकला, असा त्याचा नियम. २२ ऑगस्ट २०१८ रोजी एका खेळाडूने आपली खरेदी होताच इतरांचे व्यवहार खतावणीत शिरू नयेत इतकी दाटी घडवून आणली, आणि सुमारे १०,४६९ इथर जिंकले. करार मोडला नव्हता, गंगाजळीही भरलेली होती. खेळ मात्र खतावणीच्या दारातच जिंकला गेला.

मोठा धंदा मात्र खाजगी वहीच्याच द्यूतगृहांचा झाला. २०१७ साली निघालेले आणि कुरासाव येथील कंपनीमार्फत चालविले गेलेले ‘स्टेक’ हे त्यांतील ठळक उदाहरण. ४ सप्टेंबर २०२३ रोजी त्याच्या चालू खात्यांतून सुमारे ४ कोटी १० लाख डॉलरांची कूटचलने चोरीस गेली. दोनच दिवसांनी अमेरिकेच्या फेडरल तपास संस्थेने ह्या चोरीमागे उत्तर कोरियाचा ‘लाझारस’ गट असल्याचे जाहीर केले. असे द्यूतगृह आपल्या कूटचलनाचे दोन भाग करते. एक भाग रोजच्या चुकतीसाठी आंतरजालाशी जोडलेला, म्हणजे दुकानदाराचा गल्ला. दुसरा जोडणीपासून अलग ठेवलेला, म्हणजे तिजोरी. गल्ला लहान ठेवला तर चुकतीस विलंब होतो आणि गिऱ्हाईक साशंक होते. मोठा ठेवला तर चोराचे फावते. गल्ल्यावर दरोडा पडूनही जे द्यूतगृह चुकती करू शकते त्याची तिजोरी भरलेली असली पाहिजे, असे अनुमान निघते. पण ते अनुमानच राहते.

जेथे तिजोरीने साथ दिली नाही अशी उदाहरणेही आहेत. नोव्हेंबर २०२४ मध्ये कुरासावच्या न्यायालयाने ‘बीसी.गेम’ ह्या नावाने चालणाऱ्या द्यूतगृहाच्या चालक कंपनीला दिवाळखोर ठरविले. खेळाडूंच्या थकलेल्या रकमांसाठी त्यांच्या वतीने एका संस्थेने केलेल्या अर्जावरून हा आदेश झाला होता. ज्या बेटाच्या परवान्यावर हा धंदा वाढला, त्याच बेटाच्या न्यायालयात खेळाडूंनी दाद मागितली, ही गोष्ट लक्षणीय आहे. तोवर कुरासावमध्ये काही मोजके मुख्य परवानाधारक आणि त्यांच्या छत्राखाली असंख्य पोटपरवानाधारक अशी रचना होती. देखरेख कोणी करावयाची हे त्यात धूसरच राही. डिसेंबर २०२४ मध्ये अंमलात आलेल्या नव्या कायद्याने ही रचना मोडून परवाने थेट शासकीय प्राधिकरणाकडे आणले. पोटपरवाने देऊन अलिप्त राहणारी सत्ता पुन्हा द्यूताध्यक्षाच्या भूमिकेकडे वळली, असे म्हणण्यास प्रत्यवाय नाही.

७

भारतात ह्या व्यवसायाकडे पाहण्याची दृष्टी दीर्घकाळ अड्ड्याच्या भिंतींशी बांधलेली होती. १८६७ चा सार्वजनिक जुगार अधिनियम आणि १८८७ चा मुंबईचा अधिनियम ह्या दोहोंत घर, खोली, जागा असे स्थळवाचक शब्द आहेत. धाड घालावयाची तर जागा पाहिजे. कूटचलनावरील द्यूतगृहाला मुंबईत ना खोली ना टेबल. पैशाच्या वाटेवरील नियंत्रण हळूहळू आले. एप्रिल २०२२ पासून कूटचलनाच्या नफ्यावर शेकडा ३० कर लागू झाला, आणि मार्च २०२३ मध्ये ह्या चलनांचे मध्यस्थ अवैध पैशाच्या प्रतिबंधक कायद्याखाली आले. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन खेळांविषयीचा जो अधिनियम संमत केला, त्यात पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांवरच बंदी घातली आहे. पणाच्या व्याख्येत पैशांखेरीज पैशांत रूपांतर होऊ शकणारी नाणी, टोकने व तत्सम वस्तू अंतर्भूत आहेत, आणि असे खेळ पुरविणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कारावास व एक कोटी रुपयांपर्यंत दंड ठेवला आहे. जागेऐवजी व्यवहार हा कायद्याचा विषय झाला, हे त्यातील मुख्य स्थित्यंतर. तथापि बंदीने खेळाडूचा गंगाजळीविषयीचा प्रश्न सुटत नाही. जो बंदी असूनही परदेशी द्यूतगृहात पैसे भरतो, त्याला बुडालेल्या रकमेसाठी दाद मागण्यास आपल्या देशात तोंडच उरत नाही. मटक्याच्या काळात गिरणी-कामगाराचीही स्थिती हीच होती. त्याला निदान नाका ठाऊक होता.

शेवटी पुराव्याविषयी चार शब्द. द्यूताच्या इतिहासाची साधने नेहमीच तुटपुंजी असतात. आकड्याच्या चिठ्ठ्या फाडल्या जातात, वह्या जाळल्या जातात; मागे राहतात ती पोलिसांची दप्तरे आणि न्यायालयांचे निवाडे, म्हणजे पकडल्या गेलेल्यांचा इतिहास. ह्या पार्श्वभूमीवर सातोशीडाइसच्या पहिल्या वर्षाची खतावणी हे विलक्षण साधन आहे. त्यातील प्रत्येक पण, प्रत्येक हार, प्रत्येक चुकती आजही जशीच्या तशी वाचता येते. तिच्यात माणसांची नावे नाहीत, व्यवसाय नाही, घर नाही. एका रात्रीत कोणी काय गमावले हे दिसते, कोणाचे काय गेले हे दिसत नाही. पण २०१३ नंतर हेही साधन आटले. डाव खाजगी वहीत गेल्यावर सार्वजनिक खतावणीत केवळ भरणा आणि उचल एवढेच उरले. द्यूतगृहाच्या दारातून कोण आत गेला व कोण बाहेर आला हे दिसावे, आतला खेळ मात्र दिसू नये, तशी ही अवस्था आहे.

खेळाडूच्या पैशाचा ताबा द्यूतगृहाकडे गेला त्याच पावलाने संशोधकाचा पुरावाही द्यूतगृहाकडे गेला. आरंभी ज्या एका कारणाचा उल्लेख केला ते हेच. ह्या विषयावर पुढे काम करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याने फाशांच्या सचोटीची वर्णने वाचून थांबू नये. कुरासावच्या न्यायालयांतील दिवाळखोरीचे निवाडे, अमेरिकेच्या आयोगांचे आदेश आणि खतावणीतील भरणा-उचलीच्या नोंदी एकमेकांशी ताडून पाहाव्यात. फाशांचा हिशेब आता कोणालाही मांडता येतो. गंगाजळीचा हिशेब अजून मागूनच घ्यावा लागतो.